एका इंचाचं लेबर

माझ्या सासुरवाडीच्या वेशीवर एक स्पीडब्रेकर आहे आणि तो माझ्या सासऱ्यांनी बांधलेला आहे. खरं तर या एका वाक्यात माझी सगळी अडचण आली. पण ज्यांना सासुरवाडी नाही किंवा गाडी नाही, अशा भाग्यवंतांसाठी थोडा खुलासा करतो.

गाव रोह्यापासून अकरा किलोमीटर आत. आठ वर्षांपूर्वी खडीच्या एका डंपरने सासऱ्यांच्या म्हशीला निसटता धक्का दिला. म्हशीला काही झालं नाही. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही म्हणतात. पण सासरे, म्हणजे महिपतीमामा, तेव्हा उपसरपंच होते आणि नेमकं मारुतीच्या देवळाच्या स्लॅबचं काँक्रीट उरलं होतं. मामांनी स्वतः उभं राहून ते सगळं रस्त्यावर ओतून घेतलं. वाया काही जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे जे तयार झालं त्याला स्पीडब्रेकर म्हणणं मला जड जातं. मी पेणला एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा जबाबदारीने सांगतो की ते एक भूरूप आहे. त्याला पायथा आहे, माथा आहे आणि पावसाळ्यात त्याच्या एका उतारावर गवत उगवतं.

माझी गाडी लहान आणि ठेंगणी. मी एकटा असलो तर ती कशीबशी ते भूरूप ओलांडते. माणसं बसली की माथ्यावर पोट टेकतं आणि 'खर्रर्र' असा आवाज येतो. पितळेचं पातेलं काथ्याने घासल्यासारखा. तो आवाज गावात पार शाळेपर्यंत जातो आणि लोक म्हणतात, "महिपतीचा जावई आला." म्हणून वेशीशी आलो की मी गाडी थांबवतो, सगळे उतरतात, मी ब्रेकर ओलांडतो, पलीकडे सगळे पुन्हा बसतात. माझ्या सासूबाई हौसाबाई तर आता न सांगता चप्पल हातात घेऊन तयार असतात.

हे मी सात वर्षं सहन केलं. पण गेल्या साली माझ्या मेव्हणीचं, प्रतीक्षाचं लग्न ठरलं आणि सुपारी फुटायच्या दिवशी घात झाला.

नवरा मुलगा निकेश जोह्याचा. घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. त्याचे काका, शिवाकाका, मूर्ती पोचवायला म्हणून एक गाडी बाळगून होते. गाडी कसली, दुमजली घर. मी, माझी बायको वैशाली, सासूबाई आणि सासूबाईंची बहीण पुतळीमावशी रोह्याहून गावात येत होतो आणि ही पाहुण्यांची गाडी आमच्या मागे होती. वेशीवर मी थांबलो. सगळ्या बायका नेहमीप्रमाणे उतरल्या. शिवाकाकांना काही कळेना. त्यांनी काच खाली करून विचारलं, "काय हो, देव लागतो का हितं? आम्ही पण उतरायचं?"

"नाय नाय," पुतळीमावशी मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या जावयाची गाडी प्वॉट घासतंय."

शिवाकाका हसले. वाईट नाही हसले, पण हसले. मग त्यांनी बाजूने गाडी काढली आणि ती ब्रेकरवरून अशी गेली जणू खाली काही नाहीच. त्या दिवशी चहा-पोह्यांच्या वेळी काकांनी मोठ्या मनाने सांगून टाकलं, "लग्नाच्या दिवशी नवरीला रोह्याच्या हॉलवर न्यायला आमची गाडी पाठवतो. काळजी करू नका."

वास्तविक यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. पण मी कपबशी खाली ठेवली आणि भर बैठकीत म्हणालो, "नवरी माझ्या गाडीतून जाईल. आणि वेशीवर कोणी उतरणार नाही."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. ती औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला की ती चिठ्ठीकडे जशी बघते, तशी बघत होती. प्रतीक्षा मात्र आतल्या दारातून म्हणाली, "व्हय, मी भावोजींच्याच गाडीतून जाणार."

झालं. आता माघार नव्हती.

ब्रेकर फोडा असं सासऱ्यांना सांगणं शक्य नव्हतं. गावात आल्यागेल्याला मामा तो हाताने दाखवतात. म्हणजे गाडीच उंच करायची. हे ज्ञान मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या जगनने दिलं. जगन डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. लोखंडाची कुठलीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

"सर, स्पेसर टाका," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"स्प्रिंगला पाट द्यायचा. जेवायला बसतो ना आपण पाटावर, तशी स्प्रिंग बसते. गाडी वर. काय लागत नाय त्याला. चार स्पेसर मागवा, शोरूमला न्या, तासाभरात मोकळे."

"खर्च?"

"स्पेसर अठ्ठावीसशे. बाकी काय, थोडं लेबर."

'थोडं लेबर' हे दोन शब्द जगनने ज्या सहजतेने उच्चारले, त्या सहजतेने माणसाने पुढे कधी बोलू नये.

स्पेसर घरी आले. खोक्यात चार जाड चकत्या निघाल्या. वरच्या मजल्यावरच्या विमलबाई त्या वेळी विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी एक चकती हातात घेऊन म्हटलं, "छान आहेत हो. पापड लाटायला की थालीपिठाला?" मी त्यांना ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा सासरच्या माणसांनाच जेवण कमी करायला सांगा."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पेणच्या शोरूममध्ये गेलो. काचेचं दार, आत गारवा, एका कोपऱ्यात फुकट कॉफीचं यंत्र. सर्व्हिस ॲडव्हायझर उठून उभा राहिला.

"सर! ओळखलंत का? सुजय. दहावी ब. भूगोलात छत्तीस."

"मी दिले होते?"

"तुम्ही चौतीस दिले होते सर. दोन हेडसरांनी वाढवले."

त्याच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. पण पुढच्या दहा मिनिटांत त्याने जो अंदाज काढला, तो बघताना माझ्या मनात ते दोन मार्क येत राहिले.

"पार्ट तुम्ही आणलाय, म्हणजे पार्ट शून्य," सुजय म्हणाला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. "लेबर सात हजार चारशे. अधिक टॅक्स."

मी चष्मा पुसला. आकडा तोच होता.

"अठ्ठावीसशेची वस्तू बसवायला सात हजार चारशे?"

"सर, पार्ट आमचा असता तर लेबर कमी लागलं असतं."

"मग तुमचाच द्या."

"आमच्याकडे तो पार्टच नसतो सर. कंपनी गाडी उंच करत नाही. कंपनीच्या मते ती आहे तेवढीच बरोबर आहे."

मग त्याने एकेक ओळ वाचून दाखवली. पुढचे शॉकअप उघडणे, चौदाशे. पुढचे शॉकअप बसवणे, चौदाशे.

"थांब," मी म्हणालो. "उघडलेत की बसवणारच ना?"

"बसवणारच सर."

"न बसवता कोणी गाडी नेतं का?"

"नाही सर. पण सिस्टीममध्ये ते वेगळं वेगळं आहे."

मला एकदम माझी नोकरी आठवली. याच सुजयच्या वर्गात मी वर्षभर आठवड्याला चार तास दख्खनचं पठार उघडत होतो आणि बसवत होतो. उघडण्याचे वेगळे आणि बसवण्याचे वेगळे मला कुणी दिले नाहीत. बरं, पठार सुजयच्या डोक्यात बसलंही नव्हतं, म्हणजे मी नुसतं उघडून ठेवलं होतं.

पण खरी गंमत पुढेच होती. गाडीत बदल करायचा तर वॉरंटी सोडतो असं लिहून द्यावं लागतं. माझ्या गाडीची वॉरंटी संपून चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, लिहून देतो, माझं काय जातं. स्टॅम्प पेपर आणला, सही केली. सुजयने तारीख टाकली आणि सिस्टीम म्हणाली, चालणार नाही. नसलेली वॉरंटी सोडता येत नाही. त्याने वरच्या ऑफिसला मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं: ग्राहकाने प्रथम पैसे भरून वॉरंटी वाढवून घ्यावी, म्हणजे ती रद्द करता येईल.

हे वाचून दाखवताना सुजयचे कान लाल झाले होते. मुलगा मनाचा चांगला. तो हळूच म्हणाला, "सर, 'गाडीतून आवाज येतो' म्हणून काम लिहू का? त्यात वॉरंटी विचारत नाहीत."

"आवाज तर येतोच," मी म्हणालो, आणि खोटं बोलत नसल्याचं समाधान मला फार दिवसांनी मिळालं.

आता राहिला लेबरचा प्रश्न. इथे मी डोकं चालवलं. आयुष्यात मी जेव्हा जेव्हा डोकं चालवलं आहे, तेव्हा तेव्हा आमच्या घरात खर्च वाढला आहे. मी असा विचार केला की ब्रेकरवर टेकतं ते मागचं अंग. कारण मागे सासरची माणसं बसतात. पुढे मी बसतो आणि माझं वजन अठ्ठावन्न किलो. मग पुढचं कशाला उघडायचं? सुजयला विचारलं, नुसतं मागचं किती? तो म्हणाला, मागचं सोपं असतं, एकोणीसशे.

"मागचंच कर," मी म्हणालो.

"सर, पण—"

"भूगोलात छत्तीस होते ना तुला?"

त्याने नुसत्या मागच्या ओळीवर खूण केली. हे बोलायला नको होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी गाडी मिळाली ती ओणवी झालेली. मागचं अंग वर, नाक खाली. शोरूमपासून घरापर्यंत मी सीटवरून पुढे घसरत होतो आणि गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मागच्या सीटवर ठेवलेला भाज्यांचा डबा पहिल्याच सिग्नलला माझ्या पायाशी आला. सोसायटीच्या फाटकापाशी उतार आहे, तिथे आजवर कधी न टेकलेला पुढचा बंपर टेकला आणि त्याचा एक कोपरा तुटून लोंबायला लागला.

विमलबाई गॅलरीत होत्या. "सर, पुढची चाकं पंक्चर आहेत का हो?"

जगन गाडीभोवती फिरला, खाली वाकला, पुन्हा फिरला. "वाईट नाय दिसत," तो म्हणाला. "नमस्कार करतेय असं वाटतं. सासुरवाडीला शोभंल."

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी गाडीभोवती गर्दी केली. दिवे लावले की उजेड सहा फुटांवर जमिनीत घुसत होता. आमचे हेडसर फार सभ्य गृहस्थ, ते एवढंच म्हणाले, "काही हरवलंय का? शोधायला बरं आहे." वैशाली आठवडाभर गाडीत बसली नाही. बसली असती तर बोलली असती, म्हणून मी आग्रह केला नाही.

लग्नाला अठरा दिवस राहिले होते. मी पुन्हा सुजयकडे गेलो. नुसत्या पुढच्याचं लेबर आता साडेपाच हजार आणि नवीन स्टॅम्प पेपर, कारण आवाज बंद झाल्याचं मागच्या वेळी मीच सही करून दिलं होतं. मी कॉफी पिऊन बाहेर पडलो. निदान तेवढं वसूल.

"रोह्याला न्या," जगन म्हणाला. "तिकडं लेबर स्वस्त."

माणूस एकदा घसरला की घसरतच जातो, आणि माझी गाडी तर मुळात उतारावरच होती. रविवारी सकाळी मी तशीच ओणव्या अवस्थेत रोहा गाठलं. तिथलं शोरूम लहान होतं. काचेचं दार होतं पण उघडंच ठेवलेलं. मुख्य मेकॅनिक काळुराम हा पन्नाशीचा शांत माणूस. त्याने गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, हे कोणी केलं?"

"पेणला केलं. मीच करायला सांगितलं."

"काम चांगलं केलंय. पण निम्मं लगीन लावून वऱ्हाड परत पाठवलंय."

"पुढचं लेबर किती?"

"बावीसशे."

"उघडायचे की बसवायचे?"

काळुराम माझ्याकडे बघत राहिला. "म्हंजे? उघडल्यावर बसवाया नको?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. दोन तास मी कुंडलिकेच्या काठावर बसून होतो. पाणी वाहत होतं, वारा होता, आणि माझ्या मनात असं आलं की जगात प्रामाणिक माणसं अजून आहेत आणि ती रोह्याला आहेत. परत गेलो तर गाडी सरळ उभी होती. चारही चाकांवर, माणसासारखी. काळुरामने पैसे घेतले, पावती दिली आणि मग म्हणाला, "आता फक्त चाकांची अलाइनमेंट करून घ्या. आमची मशीन तीन आठवडे बंद हाय. माणूस पुण्यासून यायचाय."

"न केल्यास?"

"काय नाय. जरा डावीकडं वढंल."

'जरा' हा शब्द मी 'थोडं लेबर'च्या शेजारी नोंदवून ठेवला आहे.

रोह्यातून बाहेर पडलो तेव्हा गाडी डावीकडे असलेल्या एका रसवंतीत जाऊ पाहत होती. मी समजूत घालून आणली. मग डावीकडे एक पेट्रोल पंप आला, तिथे जावंसं तिला वाटलं. मग एक मंगल कार्यालय. मग नागोठण्याच्या अलीकडे एका वडापाववाल्याकडे ती इतक्या ओढीने गेली की मी खरोखरच थांबून वडापाव घेतला. तो माणूस हातात पुडी घेऊन तयारच होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगला लोंबकळत होते. बैलगाडीला जुंपलेला बैल एका बाजूला खेचत असावा तशी ती चालली होती.

वडखळच्या नाक्यावर माझी ताकद संपली. पेणला सरळ जायचं, अलिबागला डावीकडे. गाडीने क्षणभरही विचार न करता अलिबाग धरलं. मागे ट्रक, बाजूला रिक्षा. मी म्हटलं, ठीक आहे, जाऊ दे थोडं. थोडं म्हणजे डोलवीपर्यंत. कंपनीच्या गेटपाशी पहिली शिफ्ट सुटली होती आणि घोळक्यात जगन उभा होता.

"सर! मला न्यायला आलात?" त्याचा चेहरा उजळला. बारा वर्षांत कोणी त्याला कंपनीतून न्यायला आलं नव्हतं, असं तो सोबतच्या माणसांना सांगायला लागला. मग मी मागचं दार उघडलं.

"बस," मी म्हणालो. "पण उजव्या बाजूला बस. माझ्या मागे. आणि शक्यतो उजवीकडे कल."

पेणपर्यंत जगन उजव्या खिडकीतून खांदे बाहेर काढून बसला होता. त्याचं म्हणणं, त्यामुळे फरक पडला. मला खात्री नाही.

सोमवारी तिसऱ्यांदा सुजय. "सर, बाहेर काम केलंय," तो दुःखाने म्हणाला. "आता अलाइनमेंटच्या आधी इन्स्पेक्शनचं लेबर लागेल."

"कसलं इन्स्पेक्शन?"

"दुसऱ्याने केलेलं काम बरोबर आहे का ते बघायचं."

"आणि बरोबर निघालं तर?"

"तरी बघितलेलं असतं ना सर."

तर्क बिनतोड होता. या मुलाला चौतीस देताना मी घाई केली असावी. त्याने तपासलं, काळुरामचं काम चोख निघालं, चाकं सरळ झाली, बंपर बसवला. घरी आल्यावर वैशालीने सगळ्या पावत्या हातात धरल्या, एकदाच चाळल्या आणि म्हणाली, "पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतंत तर एवढं लागलं नसतं. आणि गाडी कधी ओणवी झाली नसती." एवढंच. पण ती जेव्हा एवढंच म्हणते, तेव्हा खूप म्हणते.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सासुरवाडीला पोचलो. वेशीवर गाडी टेकली नाही, पण आत आम्ही दोघंच होतो, खरी परीक्षा माणसं भरल्यावर होती. मी गाडी मांडवापाशी ऐटीत उभी केली. मामा बाहेर आले, गाडीभोवती फिरले.

"केली उंच?"

"केली."

"कुठं?"

"म्हणजे काय कुठं? सगळीकडे."

"दिसत नाय."

मी पट्टी काढून दाखवली. पूर्वीपेक्षा बरोबर एक इंच.

"एक इंच," मामांनी बोटाचं पेर दाखवलं. "येवढं?"

मी त्यांना समजावलं की हिमालय गेली कोट्यवधी वर्षं उंच होतोय, तोही वर्षाला काही मिलिमीटरच. म्हणजे माझ्या गाडीने काही वर्षांचा हिमालय पंधरवड्यात उरकला. मामांनी ऐकून घेतलं. जावई शिकलेला असल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतं. मग म्हणाले, "जावईबापू, राग धरू नका. पण शिवाकाकांची गाडी उद्या इतं उभी असंल. पोरीचं लगीन हाय. वेशीवर शालू नेसून उतराया लागलं तर गाव हसंल."

ते खरं होतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं, म्हणूनच ते मला लागलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडीला झेंडूच्या माळा लागल्या. मी मनातल्या मनात वजनं मांडली होती. प्रतीक्षा, सासूबाई, वैशाली मागे. पुढची सीट रिकामी. असं केलं तर दोन बोटं जागा राहत होती. मी गाडी चालू केली तेवढ्यात मांडवातून पुतळीमावशी आल्या. पुतळीमावशींबद्दल मला अपार आदर आहे. त्या खाडीकडच्या गावात दिलेल्या. उमेदीत मिठागरात पाट्या वाहिलेल्या. आता वय झालं, कष्ट सुटले, अंग भरलं. त्या पुढचं दार उघडून बसल्या. गाडी माझ्या डोळ्यांदेखत हिमालयातून दख्खनवर आली. मावशींच्या मांडीवर तांब्याचा हंडा होता. हंड्यात तांदूळ होते.

"मावशी," मी म्हणालो, "शिवाकाकांच्या गाडीत ऐसपैस जागा आहे."

"पोरीला एकली सोडू?" मावशी म्हणाल्या. विषय संपला.

शिवाकाका आपल्या गाडीच्या दाराला टेकून उभे होते. त्यांनी हंड्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, माझ्या चाकांकडे पाहिलं. ते पुढे आले आणि खरंच आपुलकीने म्हणाले, "मास्तर, अजून वेळ गेली नाय. नवरीला इकडं बसवा. तुम्ही मागून या. कोण काय म्हणणार नाय."

मामाही शेजारी येऊन उभे राहिले. नुसते माझ्याकडे बघत होते. मी मागे वळून प्रतीक्षाकडे पाहिलं. मी या घरात जावई म्हणून आलो तेव्हा ती सातवीत होती. नकाशात नद्या भरायला माझ्याकडे यायची आणि कुंडलिका नेहमी उलटी वाहवायची. आज मुंडावळ्या बांधून बसली होती. मी म्हणालो, "प्रतीक्षा, घासेल कदाचित. तू म्हणशील तसं."

"भावोजी," ती म्हणाली, "घासली तर घासली. चला."

मी गिअर टाकला.

घर मागे पडलं तशी मागच्या सीटवर पहिली मुसमुस सुरू झाली. मग सासूबाई. मग वैशाली, जी कधी रडत नाही. पुतळीमावशी हंड्यावर हनुवटी टेकून मोठ्याने रडत होत्या आणि तांदळात टिपं पडत होती. शाळा आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. मागच्या आरशात शिवाकाकांची गाडी दिसत होती, तिच्यात पुढे मामा. मी मात्र सगळं विसरलो होतो. मला फक्त ते भूरूप दिसत होतं.

पुढची चाकं चढली. माथ्यावर आलो. पोट आता टेकणार, आता टेकणार. सात वर्षांची सवय. माझे दात आपोआप आवळले गेले. पुढची चाकं उतरली. मागची चढली. मी कान लावून ऐकत होतो. गाडीत फक्त रडणं ऐकू येत होतं. मागची चाकंही उतरली.

काही आवाज झाला नाही. काहीही नाही.

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "गेली! गेली!"

मग मागून हौसाबाईंचा असा हंबरडा फुटला की मी ब्रेकच दाबला. "गेली गो माझी पोर! माझी बाय गेली गो!" त्यांना मिठी मारून वैशाली, वैशालीला मिठी मारून प्रतीक्षा. मावशींच्या मांडीवरचा हंडा कलंडला. मागे शिवाकाकांची गाडी कचकन थांबली आणि मामा धोतर सावरत धावत आले. रस्त्याकडेच्या दोन म्हाताऱ्यांनी तर कारण न विचारताच पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं? टेकली काय?" मामांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"नाही मामा," मी म्हणालो. "टेकली नाही. गेली."

"शुभ दिवशी गेली-गेली काय वरडताय!" पुतळीमावशी नाक पुसत माझ्यावर कडाडल्या. "जाते म्हणत नाय, येते म्हणत्यात. कसलं मास्तर तुमी! पोरांना हेच शिकवता व्हय?"

सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. सहा ओले डोळे, आणि मावशींचे धरून आठ. ब्रेकर कुणाच्या गावीही नव्हता. एका इंचासाठी मी काय काय उघडलं आणि बसवलं, ते या क्षणी कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

आरशात मात्र प्रतीक्षा दिसली. काजळ गालावर आलं होतं, मुंडावळ्या वाकड्या झाल्या होत्या, आणि ती तोंडावर हात धरून, रडता रडता, खांदे हलेपर्यंत हसत होती. तिला कळलं होतं.

"म्हणा," मावशींनी दरडावलं.

"आली," मी म्हणालो. "आली, आली," आणि दुसरा गिअर टाकून रोह्याच्या दिशेने निघालो.